लोटाची बायको लॉरेन्सला लिहिते

हॉलिवूड, ११ जानेवारी १९५३

नजला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र अजून चुलीत टाकलं नसशील, तर आधी शेवटपर्यंत वाच आणि मग टाक. अकरा वर्षांनी लिहितेय म्हणजे काहीतरी मागायलाच लिहितेय, हे तुला कळलंच असेल. माझ्या पोटातलं ओळखण्यात तू पहिल्यापासून पटाईत. हो, मागायलाच लिहितेय. पण आधी खुशाली तरी विचारू दे. आईचे गुडघे कसे आहेत? तुझा तानूस अजून लोकरीच्या गिरणीतच आहे का? तुझी अडेल आता सतरा वर्षांची असेल. तिचं नाक आपल्यावर गेलं नसलं म्हणजे मिळवली.

मी बरी आहे. काम आहे. मोठं चित्र आहे, पुन्हा बायबलातलंच. या वेळी लोटाची बायको, जळत्या शहराकडे मागे वळून बघितलं म्हणून मिठाचा खांब झालेली. हसू नकोस. बायबलातल्या वाईट बायका संपत आल्या, ही एक उरली होती ती माझ्या वाट्याला आली. फारोच्या दरबारात पंखा हलवून झाला, देवळात नाचून झालं, बाबिलोनची राणी होऊन दुधाच्या हौदात बसून झालं. (दूध कसलं, खडूची पूड होती. महिनाभर अंग खाजत होतं.) आता केसांना राख फासून डोंगर चढायचा आहे. पूर्वेकडच्या बायका कशा चालतात ते मला शिकवायला एक बाई नेमली आहे. ती आयोवाची, मक्याच्या शेतातली आहे. मला शिकवते, नजला! जिची आजी डोक्यावर हंडा घेऊन रोज लेबनॉनचा डोंगर चढायची, तिला! मी मान हलवते आणि मुद्दाम चुकत चुकत शिकते. काय करणार, इथे मी फ्रेंच.

आता मागणं. डॉब्ज नावाचा एक माणूस आहे, मासिकात लिहितो. नटनट्यांची मागची दारं उघडणं हा त्याचा धंदा. त्याच्या कानावर कुणीतरी घातलंय की व्हेरा कोरी कुठल्या फ्रेंच अधिकाऱ्याची अनाथ मुलगी नाही, लॉरेन्स गावातल्या गिरणी कामगाराची विदाद खूरी आहे आणि तिची आई अजून जिवंत आहे. तो तिकडे येईल. फोटो दाखवील. गोड बोलील. तुम्ही एवढंच म्हणायचं, आम्ही हिला ओळखत नाही. आईला नीट शिकवून ठेव. ती कुणालाही घरात घेते आणि बोलत सुटते, तुला माहीत आहे.

माझा करार मार्चमध्ये संपतो. पुढची सात वर्षं द्यायची की नाही ते स्टुडिओ तेव्हा ठरवणार. मी अडतीस वर्षांची आहे, कागदावर चौतीस. हे चित्र रविवारच्या शाळांमधून, पाद्र्यांच्या हातून खपवायचं आहे. ‘आईबापाचा मान राख’ सांगणाऱ्यांच्या चित्रात, जिवंत आईला मेलेली म्हणणारी बाई! एका दिवसात मला रस्त्यावर काढतील. दुसरं काही मला येत नाही.

दोन ओळी लिही. ‘बरं’ एवढं लिहिलंस तरी पुरे.

विदाद


हॉलिवूड, २ फेब्रुवारी

नजला,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन साडेदहाला येतो. मी स्टुडिओत असते, म्हणून घरकाम करणाऱ्या बाईला रोज फोन करून विचारते. तिला वाटतंय माझं कुठेतरी जमलंय.

आज दिवसभर मी प्लास्टरमध्ये होते. मिठाचा खांब करायचा तर आधी बाईचा साचा हवा. पायापासून केसांपर्यंत लिंपतात, नाकात दोन नळ्या, आणि चाळीस मिनिटं हलायचं नाही. तेही मान मागे वळवून. आत आपलाच श्वास ऐकू येतो. मला वाटलं, हे लोक मला विसरून जेवायला गेले. ओरडावं तर तोंड बंद. बाहेर काढलं तेव्हा मी रडत होते, आणि साचेवाला म्हणाला, “बाई, सगळ्याच रडतात, लाजू नका.” नमुन्याचा खांब खरं मीठ लावून उन्हात वाळत ठेवला होता, तर सेटवरच्या बकऱ्यांनी चाटून चाटून त्याचा हात नाहीसा केला. सगळे पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही.

काल दिग्दर्शकाला विचारलं, ही बाई मागे वळते ती का? तो म्हणाला, “दागिन्यांसाठी. लोभी आहे.” मी म्हटलं, तिच्या लग्न झालेल्या मुली शहरात मागे राहिल्या होत्या, माझे बा... असं ऐकलंय कुठेतरी. ‘माझे बाबा सांगायचे’ असं तोंडावर आलं होतं, वेळेवर गिळलं. तो म्हणाला, “आपल्या चित्रात त्या मुली नाहीत. लांबी वाढत होती, कापल्या.”

आई काय म्हणायची आठवतं? “न वळून कशी चालेल? चुलीवर काहीतरी ठेवून आली असेल बिचारी.”

तू रागावलेलीच आहेस. रागाव. पण बाबांच्या वेळचं तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. तुझी तार आली तेव्हा मी त्या पांढऱ्या हौदात गळ्यापर्यंत बसले होते. प्रसिद्धी खात्याचा हॅकेट तार घेऊन काठावर आला. मी म्हटलं, मला घरी जायला हवं, माझे वडील गेले. तो म्हणाला, “तुझे वडील तर अठरा सालीच युद्धात पडले. एक माणूस दोनदा कसा मरेल?” आजूबाजूचे हसले. मीही हसले, नजला. ही गोष्ट मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. मग बिननावाची फुलं पाठवली. तू ती परत केलीस, वर चिठ्ठी: ‘मेलेल्या माणसाला नाव नसलेली फुलं लागत नाहीत.’ ती माझ्याजवळ आहे अजून.

त्याच महिन्यात बायकांच्या एका मासिकाला मुलाखत दिली आणि आईलाही मारलं. शेवटच्या घटका सांगितल्या. हाताला संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास यायचा तेही सांगितलं. तेवढंच खरं होतं. लोकांनी हजारांनी पत्रं पाठवली.

आईला ती मुलाखत कुणी वाचून दाखवली का? हेच मला झोपू देत नाही. खरं सांगायचं तर डॉब्जपेक्षाही हेच.

काहीतरी लिही. शिव्या दे. तुझ्या शिव्या मला पाठ आहेत, निदान अक्षर तरी दिसेल.

विदाद


हॉलिवूड, ६ मार्च

नजला,

वाचले! आज जेवणाच्या सुट्टीत हॅकेट माझ्या टेबलाशी आला, सगळ्यांदेखत माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाला, “व्हेरा, राणी, तू खरोखरच अनाथ आहेस!” डॉब्ज लॉरेन्सला जाऊन आला. हात हलवत परत आला. आता तो उलटी गोष्ट छापणार आहे, की व्हेरा कोरीच्या वाईटावर कोण कोण टपलेत ते बघा. करारावर सोमवारी, सोळा तारखेला सह्या. सात वर्षं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी हसले की गालावरची राख पडली.

मग हॅकेटने डॉब्जची टिपणं वाचून दाखवली. नकला करत. “काळ्या कपड्यातली म्हातारी. इंग्रजी मोडकंतोडकं. फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, ही बाई सुंदर आहे. पण माझी नाही.”

तू माझं ऐकलंस. आईला शिकवून ठेवलंस. तुझे हात सुखी राहोत, हे मी मनात म्हणतच होते. तेवढ्यात हॅकेटने शेवटची ओळ वाचली. “कॉफी दिली. कडू जहर. साखर मागितली तर म्हातारीने नुसती मान हलवली. काय हे लोक!” आणि सगळे पुन्हा हसले.

मी उठून रंगपटात आले आणि कडी लावून हे लिहितेय.

आपल्या आईने पाहुण्याला बिनसाखरेची कॉफी दिली? जिच्या कॉफीत चमचा उभा राहतो म्हणून बाबा चिडवायचे, ती? विमा विकणाऱ्याला, गॅसचं मीटर बघणाऱ्याला तीन तीन चमचे घालणारी बाई? त्या गाढवाला काय कळणार. इथल्या एकालाही कळलं नाही. आपल्या घरात साखर कधी बंद होते ते मला कळतं. बाबांच्या वेळी मी नव्हते, पण आजीच्या वेळी मीच ट्रे फिरवत होते.

घरात कोण गेलं, नजला?

तानूस? गिरणीत काही झालं का? की अडेल? नाही, देव करो आणि तसं नसो. म्हातारी उम्म नसीम समोरची, तिच्यासाठीही आई साखर बंद करील, ती तशीच आहे. उम्म नसीमच असेल. नव्वदीची असेल आता.

की माझाच दुखवटा धरलाय आईने? मुलाखत तिला कळली, आणि तिने ठरवलं की ठीक आहे, आई मेली म्हणतेस तर मुलगीही मेली. अकरा वर्षं त्या घरात साखर नसेल तर? तसंच असू दे. खरंच सांगते, माझंच असू दे, मला चालेल.

कारण तू उत्तर देत नाहीयेस. दोन महिने झाले. तू रागावलीस की उलट जास्त लिहितेस. फुलं परत करतानासुद्धा चिठ्ठी जोडल्याशिवाय राहवलं नाही तुला.

तू आहेस ना? तार कर. ‘आहे’ एवढंच लिही, कुणाचं नाव घालू नकोस, कुणाला काही कळणार नाही.

बघ, अजून मला हेच सुचतंय, कुणाला कळणार नाही.

वि.


८ मार्च, रविवार

नजला,

आज फोन केला. आपल्या घरी फोन नाही, म्हणून आपल्या गल्लीतल्या झाखियाच्या दुकानात. लॉरेन्सचा नंबर मागितल्यावर केंद्रावरची मुलगी म्हणाली, “कोण बोलतंय सांगू?” मी म्हटलं, एक ओळखीची.

झाखियाच आला. आवाज म्हातारा झालाय. मी आपल्या अरबीत म्हटलं, “काका, खूरींच्या घरी सगळे ठीक आहेत ना?” इतक्या वर्षांनी ती भाषा तोंडातून निघाली तर कुणा परक्या बाईचा आवाज वाटला.

तो म्हणाला, “तू कोण गं, पोरी? कुणाची?”

कुणाची! आपल्याकडे नाव आधी विचारत नाहीत हे मी विसरले होते.

मी फोन ठेवला. उत्तर दिलं असतं तर त्याने पुढचं सांगितलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं म्हणून ठेवला, की तो दुकानभर सांगत सुटेल म्हणून ठेवला, ते मला सांगता येत नाही. दोन्ही असेल. सकाळपासून फोनकडे बघत बसलेय.


लॉरेन्स, १० मार्च १९५३

व्हेरा कोरी यांस,

मी अडेल. तुम्हाला खाला, मावशी म्हणायचं की नाही हे मी ठरवलेलं नाही, म्हणून वर हे नाव लिहिलं. पाकिटावर हेच चालतं ना.

माझी आई वीस फेब्रुवारीला गेली. पोटात गाठ होती. दिवाळखोर झालेल्या घरासारखं एकेक करून तिचं सगळं बंद पडत गेलं. तुमचं पहिलं पत्र तिने वाचलं. पुढचं न फोडता तसंच पडून होतं, ते मी काल वाचलं. सहा तारखेचं तर आजच आलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, उम्म नसीम ठणठणीत आहे.

पहिलं पत्र वाचून मी म्हटलं होतं, फाडून टाक. आई म्हणाली, “गप गं. घाबरलीय ती. घाबरली की खोटं बोलते, लहानपणापासूनच. मी सोडवायचे.” मग आजीला अंथरुणाशी बोलावून बजावलं. “कुणी विदादचा फोटो घेऊन आला तर ओळखत नाही म्हणायचं. तिची रोटी आहे त्यात.” आजी म्हणाली, “पोटच्या पोरीला?” आई म्हणाली, “माझ्यासाठी.” आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. तुम्हाला उत्तर लिहायचं होतं तिला. हात चालत नव्हता, आणि मला सांगून लिहवून घेणं तिला जमेना, कारण मी तोंड वाकडं करत होते. ते माझं चुकलं.

मातीच्या वेळी आजी सारखी एकच म्हणत होती, “तू मला पुरायचं होतंस गं, तू मला.” आपल्याकडे लाडात ‘तू मला पुरशील’ असं सगळ्याच आया म्हणतात, पण त्या दिवशी कुणाला ऐकवेना.

तो माणूस आठव्या दिवशी आला. मी दारात होते, मी त्याला हाकलणार होते. आजीने त्याला आत घेतलं, बसवलं. चष्मा मागितला. फोटो धरून इतका वेळ बसली की मला वाटलं, आता बोलणार. मग तिने ते वाक्य म्हटलं, जे तुम्हाला तिकडे वाचून दाखवलं.

तो गेल्यावर मला म्हणाली, “बरोबर बोलले ना मी? नजलाने सांगितलं होतं तसंच?” मी म्हटलं, हो आजी.

मग म्हणाली, “एका आठवड्यात दोन्ही.” आणि दोन दिवस जेवली नाही.

तुमची मुलाखत तिला कुणी वाचून दाखवलेली नाही. आईने ते मासिक लपवून ठेवलं होतं. तुम्ही मेल्याचं सोंग करत होतात, आणि तुमच्यासाठी रोज प्रार्थना होत होती इथे, जिवंत माणसासाठी करतात ती.

झाखिया काका म्हणाले, रविवारी एका बाईचा फोन आला होता, रडत होती. आजीने विचारलं, “काय बोलली?” ते म्हणाले, “कुणाची, ते नाही सांगितलं.”

अडेल


हॉलिवूड, १५ मार्च

अडेल,

तू मला काहीही म्हण. तुझं अक्षर नजलासारखं आहे, पाकीट बघून मला वाटलं तीच.

पत्र आल्यापासून मी काय केलं ते सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. एक दिवस कामावर गेले, एवढं मात्र सांगते, कारण पुढे तुला कुणाकडून तरी कळेल. मागे वळायचा शॉट होता. एका झटक्यात झाला. दिग्दर्शकाने विचारलं, “काय आठवलंस?” मी म्हटलं, बहीण गेली. तो म्हणाला, “वा, असंच आठवत जा.” इथल्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांना बहीण मीच कधी सांगितली नव्हती.

काल हॅकेटकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, “शोक झालाय तुला, दोन दिवस झोप. सोमवारी सही कर, मग वर्षभराने एखादी लांबची मावशी शोधून काढू, मी छान गोष्ट रचीन.” वाईट माणूस नाही तो. त्याला खरंच वाटत होतं की तो मला सोडवतोय. मी क्षणभर विचारही केला, अडेल. मावशी म्हणून आईला आणता येईल, असा. अर्धं मिनिट का होईना, केला. हे तुला लिहिलंच पाहिजे, कारण पुढे माझ्याबद्दल तुला काही चांगलं वाटलं तर त्यात हेही असू दे.

मग माझ्या खोलीत जाऊन डॉब्जला चार ओळी लिहिल्या आणि स्वतः त्याच्या कचेरीत नेऊन दिल्या. ‘तुम्ही ज्यांच्या घरी कॉफी प्यायलात त्या वर्दा खूरी माझ्या आई आहेत. माझे वडील लोकरीच्या गिरणीत विणकर होते, ते बेचाळीस साली गेले. माझी बहीण नजला तुम्ही जायच्या आठच दिवस आधी गेली. माझं नाव विदाद. मी आईला मारलं ते खोटं होतं आणि ती मला ओळखत नाही म्हणाली तेही खोटं होतं, पण तिचं माझ्यासाठी होतं.’ त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, “छापू?” मी म्हटलं, छापा.

उद्या सही नाही. चित्रात माझं दोन दिवसांचं काम उरलंय, ते खांबावर भागवतील. तो तयारच आहे, आणि त्याला मी लागत नाही.

पुढे काय, विचारू नकोस. अडतीस वर्षांच्या बाईला गिरणीत घेतात का, तेवढं तुझ्या बाबांना विचारून ठेव.

उद्याच्या गाडीने निघतेय. शिकागोला बदलायची, बोस्टनला बदलायची, शुक्रवारी दुपारी लॉरेन्स. स्टेशनवर येऊ नकोस, मी चालत येईन, रस्ता माहीत आहे. रस्त्यात लोक बघतील, बघू देत. नजलाच्या चाळिसाव्याच्या प्रार्थनेला मी असेन, पुढे बसायला मिळालं नाही तर मागे उभी राहीन.

आजीला आधी सांगून ठेव. एकदम दारात उभी राहिले तर तिच्या जिवाला काही व्हायचं. पण ‘तिला आत घे’ असं शिकवू नकोस. कुणीच तिला काही शिकवू नका आता. तिने चष्मा लावावा, हवा तितका वेळ माझ्याकडे बघावं. ‘ही माझी नाही’ म्हणाली तर मी समोरच्या उम्म नसीमच्या पायऱ्यांवर बसेन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवीन. या वेळी ती जे म्हणेल ते तिचं स्वतःचं असेल, एवढंच तिला सांग.

विदाद
वर्दाची धाकटी